अठ्ठावन्न आवाज

वीज गेली तेव्हा कोणी दचकलं नाही. सान रोमुआल्दो गावात वीज गेल्यावर दचकायचं ठरवलं, तर माणसाला दुसरा उद्योगच उरायचा नाही. घात झाला तो वीज परत आली तेव्हा. ती अशी उसळून आली की सेनाइदाच्या पंख्यातून धूर निघाला आणि तिच्या नवऱ्याचा, लेओविहिल्दोचा, कॉम्प्युटर बंद पडला. वीज गेली की आधी प्लग उपटायचे, मग मेणबत्ती शोधायची, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. लेओ त्या वेळी अंगणात शेजाऱ्याशी बेसबॉलवरून भांडत होता.

त्या कॉम्प्युटरात अठ्ठावन्न माणसं होती.

लेओ एकोणसत्तर वर्षांचा. साखर कारखान्यात त्याने तेहेतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली. कारखाना कधीच मोडीत निघाला. आता धुराडं तेवढं उभं आहे आणि त्याखाली बकऱ्या चरतात. तिथे राबलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे लेओ फोन घेऊन जायचा, त्यांना बोलतं करायचा आणि रेकॉर्ड करायचा. सहा वर्षं हे वेड चाललं. फोन भरला की सगळं कॉम्प्युटरात उतरवायचं आणि फोन रिकामा करायचा. अठ्ठावन्नांतले एकेचाळीस जण आता गेले होते. दुसरी प्रत काढून ठेवायची, असं तो दर वर्षी म्हणायचा आणि पुन्हा बेसबॉलवर भांडायला बसायचा.

मिस्लादिस पलीकडच्या गल्लीतली. पूर्वी बँकेतले कॉम्प्युटर सांभाळायची, आता गावातले मेलेले कॉम्प्युटर जगवते. तिने झाकण उघडलं, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"केमिस्टकाका, विंडोज गेलं. ते परत आणायच्या फंदात मी पडत नाही. लिनक्स टाकू."

"लिनक्स टाक, नाहीतर देवाचं नाव टाक. माझी माणसं बाहेर काढ."

"डिस्क टकटक करतेय, ऐकलंत? हिचे दिवस भरलेत. माझ्याकडची छोटी डिस्क जोडते, तिच्यावर लिनक्स बसवते आणि तिथून हिच्यात डोकावते. जमलं तर जमलं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कॉफी प्यायची. आहे का घरात?"

कॉफी नव्हती. वीज दिवसातून चार तास यायची, तीही तिच्या मर्जीने. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरने मिस्लादिसच्या लिनक्सवाल्या पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आतली बारकी बॅटरी संपल्यामुळे तो दर वेळी सगळं विसरत होता. मिस्लादिसने जुन्या कॅल्क्युलेटरमधून तसलीच एक काढून बसवली. दुसऱ्या दिवशी लिनक्स सुरू झालं, पण पडदा काळाठिक्कर. स्क्रीनकार्ड बिनसलेलं होतं. कॉम्प्युटर सुरू करायच्या आज्ञेत एक शब्द घालायला हवा, हे तिला ठाऊक होतं, पण शब्द आठवेना. तो ओल्गीन शहरातल्या एका मित्राला मेसेज करून विचारावा लागला आणि उत्तर यायला दुपार गेली. तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चाललं, ऐंशी टक्के भरलं आणि वीज गेली.

"पुन्हा पहिल्यापासून," मिस्लादिस म्हणाली.

"ऐंशीपासून नाही?"

"काका, ही साखर नाही, अर्धी शिजलेली उद्या पुन्हा चढवायला."

"साखरही तशी चढवत नाहीत," लेओ पुटपुटला. त्या आठवड्यात तो तेवढंच एक वाक्य खात्रीने बोलला.

चौथ्या दिवशी लिनक्स बसलं. जुनी डिस्क दिसली आणि त्यातलं फोल्डरही दिसलं. पण उतरवायचं कशावर? घरात मोठी अशी एकच डिस्क होती: पाकेतेची.

पाकेते म्हणजे आठवड्याचा शिधाच. इंटरनेट परवडत नाही, म्हणून रेइनेरिओ दर सोमवारी सायकलवरून येतो, घरोघरच्या डिस्क नेतो आणि मालिका, सिनेमे, बातम्या भरून परत आणतो. सेनाइदा त्याला टीव्हीच्या वरच्या फळीवरची डिस्क खिडकीतूनच देते. नऊ वर्षं हे असंच चाललंय.

"या आठवड्याची मालिका पुसली जाईल," मिस्लादिसने बजावलं.

"जाऊ दे तिकडे," सेनाइदा म्हणाली. "तसंही त्या नायिकेला अजून तीनदा स्मृतिभ्रंश व्हायचाय."

जुनी डिस्क अडखळत, कण्हत एकेक फाइल देत होती. वीज गेली की थांबायचं, आली की पुढे. तीन दिवस लेओ खुर्चीवरून हलला नाही. रविवारी दुपारी अठ्ठावन्नावी फाइल आली. त्याने चाचणी म्हणून एक लावली. उसाच्या गव्हाणीवर काम केलेला सेरापिओ हसत हसत, आपली दोन बोटं कशी गेली ते सांगू लागला. सेरापिओला जाऊन चार वर्षं झाली होती. लेओ रडला, आणि मिस्लादिससमोर रडल्याची त्याला लाज वाटली नाही. अर्ध्या तासाने जुन्या डिस्कने शेवटचं टक् केलं आणि ती कायमची गप्प झाली.

मग वीज गेली. या वेळी लेओने एकूण एक प्लग उपटले. डिस्क शर्टाला पुसली आणि नेहमीच्या जागी, टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली. हात आपोआप तिकडेच गेला. आठवडाभराची झोप साठली होती. तो जो पडला तो सोमवारी नऊला उठला.

फळी रिकामी होती.

"सेनाइदा! डिस्क?"

"दिली की. सोमवार आहे ना?" तिने लेओच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. "लेओ, ती... मला वाटलं, तुझी माणसं तू दुसरीकडे काढून घेतली असशील. फळीवर होती रे!"

रेइनेरिओचं घर तीन गल्ल्यांपलीकडे. लेओ चपला न घालताच पळाला. रेइनेरिओ दारात आला, आणि त्याच्यामागे दहा-बारा डिस्कचे दिवे लुकलुकत होते.

"तुमची? सगळ्यात आधी तुमचीच लावली, म्हातारी माणसं म्हणून. भरलेली होती, पुसून घेतली. नेहमीसारखी." मग त्याचा आवाज उतरला. "काही होतं का त्यात?"

लेओला त्याच्यावर चिडायचं होतं. पण चिडायला जागाच नव्हती. डिस्क त्याने स्वतःच तिथे ठेवली होती.

मिस्लादिसने दोन दिवस झगडून पाहिलं. पुसलेल्या फायली हुडकायचा प्रोग्राम त्याच लिनक्सवर चालवला. पण वर मालिकांचे थरच्या थर चढले होते. बुधवारी ती मान खाली घालून म्हणाली, "एक तुकडा मिळालाय. नाव गेलंय त्याचं. एकोणीस सेकंद."

तिने लावला. आधी खरखर आणि लांबवर कोंबडा. मग लेओचा स्वतःचाच आवाज, जरा जास्तच ऐटीतला: "कारखान्यात पहिल्या दिवशी तुम्हाला काय काम दिलं होतं, ते सांगा." खुर्ची करकरली. कोणीतरी घसा खाकरला, श्वास घेतला. संपलं.

"कोण होतं ते?" सेनाइदाने हळूच विचारलं. दोन दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

लेओने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. खाकरणं बाईचं की पुरुषाचं, तेही कळेना. त्याने एकेक चेहरा आठवून पाहिला, एकेक ओसरी, एकेक खुर्ची. हा प्रश्न त्याने अठ्ठावन्न जणांना विचारला होता, आणि प्रत्येकाने बोलण्याआधी असाच श्वास घेतला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.