दोन खटक्यांचा फोटो

"माझा हात म्हणजे दगड," जावई येईल-जाईल त्याला सांगायचा. "तळहातावर भरलेली कपबशी ठेवा. थेंब सांडला तर मिशी उतरवीन."

त्याला मिशी नव्हती, त्यामुळे पैज तशी बिनधोक होती.

सासऱ्यांचा हात मात्र आता इतका थरथरायचा की कपातला निम्मा चहा बशीतच असायचा. चाळीस वर्षं चालवलेला फोटो स्टुडिओ कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता. ते म्हणाले, "जावईबापू, पाणीखात्याचे साहेब निवृत्त होताहेत. तो ग्रुप फोटो तुम्ही काढा. भिंतीवर लावण्यासारखा आला, तर किल्ल्या तुमच्या."

जावयाच्या मते किल्ल्या मिळाल्यातच जमा होत्या.

आदल्या दिवशी तो खात्याच्या हॉलमध्ये चाचणी घ्यायला गेला. उजेड बेताचा. फ्लॅश मारावा तर साहेबांच्या चष्म्यात सूर्य उगवणार. म्हणून त्याने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला, शटरचा स्पीड कमी ठेवला आणि रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला. प्रत्येक खुर्चीला दोन-दोन पाठी आल्या. त्याने तिकाटण्याला शिव्या घातल्या, मग फरशीला, मग बाहेरून गेलेल्या बसला.

स्टुडिओत फोटो साफ करायचं काम बायकोकडे होतं. तिने तो फोटो स्क्रीनवर मोठा केला.

"अहो, तुमचा हात नाही हलला. आरसा हलला."

"कुठला आरसा?"

"कॅमेऱ्यातला. फोटो निघायच्या क्षणी तो फाडकन वर जातो, त्या धक्क्याने सगळा कॅमेरा हादरतो. आरसा आधी वर जाऊ द्यायचा, दोन सेकंदांनी फोटो. तशी सेटिंग आहे त्यात."

"मला माहीत होतं."

"मग केली का नाहीत?"

"तुला माहीत आहे का, ते बघत होतो."

दुसऱ्या दिवशी सव्वीस माणसं तीन ओळींत उभी राहिली. मध्ये खुर्चीत साहेब, त्यांच्या पायाशी खात्याची पाटी. जावयाने कॅमेऱ्याला डोळा लावला. "हसा."

खट्. आरसा वर गेला आणि जावयाच्या डोळ्यासमोर काळोख झाला. सव्वीस जणांना वाटलं, झाला फोटो. आत ओढलेली पोटं सुटली. दोन सेकंदांनी दुसऱ्यांदा खट्.

जावयाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाटी मोठी करून पाहिली. अक्षर न् अक्षर सुरीसारखं. पाटीच्या वर बघायची गरज त्याला वाटली नाही. असे बारा फोटो काढले, बाराही वेळा पाटीच तपासली. मग साहेब भेटीचं खोकं काखेत मारून कायमचे घरी गेले.

संध्याकाळी बायकोने फोटो उघडले. सासरे चष्मा पुसून स्क्रीनजवळ सरकले. पहिल्या फोटोत साहेबांची करंगळी कानात होती. धाकटे साहेब त्यांच्या खुर्चीकडे बघत होते, मांजर दुधाकडे बघतं तसे. हिशेबनीस जांभई देत होता. मागच्या ओळीतला कारकून साहेबांच्या टकलाला जीभ दाखवत होता. उरलेले अकरा याहून वाईट होते.

"चाळीस वर्षांत इतका स्वच्छ फोटो या दुकानात निघाला नाही," सासरे म्हणाले.

"तुमचे आशीर्वाद."

"हिशेबनिसाच्या दाढेतली चांदी दिसतेय."

बायको म्हणाली, "खटके दोन होतात, दुसऱ्यापर्यंत हलू नका, हे सांगायचं होतं ना त्यांना."

"तू मला कुठे सांगितलंस?"

"तुम्हाला माहीत होतं ना."

सासऱ्यांनी खण उघडला, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि थरथरत्या हाताने मुलीपुढे धरला. "घे गं बाई."

जावयाने किल्ल्यांसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. पण मन मोठं केलं. "थांबा बाबा, आठवण म्हणून एक फोटो तरी काढू द्या." त्याने तिकाटणं उभं केलं. सेटिंग ग्रुप फोटोचीच होती. "हसा."

खट्.

बाहेर पासपोर्ट फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक केव्हाचं खोळंबलं होतं. बायकोने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि वळली.

खट्.

तो फोटो आता काउंटरमागे लावलेला आहे. त्यात सासरे रिकामा हात पुढे करून एकटेच हसताहेत. उजव्या कोपऱ्यात बायकोची पाठ आहे, तीही हललेली. मागचं कॅलेंडर अगदी स्वच्छ आलंय, तारीख वाचता येते.