निळ्या ड्रमाची शीट

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आश्रमशाळेची गाडी आली, टेबलाची प्लास्टिकची शीट परत द्यायला.

शीट धड होती. कुठं तडा नाही, कोपरा उडालेला नाही, पोटात फुगा नाही. ड्रायव्हर मुखरूभाऊनं ती गाडीतून उतरवली, गोदामाच्या भिंतीला टेकवली आणि रुमालानं मान पुसत निरोप सांगितला.

"मॅडम म्हणते, दिसाले झकास हाये. पन वास येऊन राह्यला."

"कायचा वास?" रीतानं विचारलं.

"थे नाई सांगतलं. तोंड असं केलं." तोंड कसं केलं ते त्यानं करून दाखवलं.

"तुमाले येते का?"

मुखरूभाऊनं वाकून शीट हुंगली, उलटी करून पुन्हा हुंगली. "मले तं काईच येत नाई."

रीतानं नाक लावलं. काही नाही. प्रेस चालवणारा अंकुश हात पुसत आला, त्यानंही लावलं. काही नाही. मग बुधरीबाई आली. प्लास्टिक छाटायचं काम तिचं, आणि गावच्या महिला मंडळाची अध्यक्षही तीच. तिनं शीट हुंगली, नखानं खरवडली, पुन्हा हुंगली आणि निकाल दिला, "मॅडमले सर्दी झाली असन."

रीताला हसू आलं नाही. ती मूळची गोंडपिपरीची. लग्नाआधी नागपूरला प्लास्टिकच्या कारखान्यात माल तपासायला होती. नवऱ्याची वनरक्षक म्हणून धानोरा तालुक्यातल्या या गावात बदली झाली, आणि इथं आल्यावर तिला दोन गोष्टी दिसल्या: प्लास्टिकचे ढीग, आणि ग्रामसभेचं तेंदूपत्त्याचं गोदाम, जे हंगाम सोडला तर वर्षभर रिकामं असतं. कर्ज काढून तिनं चुरा करायची मशीन आणली, जुनी प्रेस आणली आणि काम सुरू केलं. झाकणं, बादल्या, डबे, ड्रम एकेका जातीचे वेगळे करायचे, धुवायचे, चुरा करायचा. चुरा साच्यात सारखा पसरून तापत्या प्रेसखाली दाबायचा, आणि दाबाखालीच सावकाश गार होऊ द्यायचा. घाई केली की शीट पापडासारखी वाकते. ओल राहिली की पोटात फुगे धरतात. रीताच्या हातून वाकडी शीट बाहेर जात नसे. स्टीलची पट्टी आडवी ठेवून ती खालून उजेड दिसतो का ते बघायची. उजेड दिसला की शीट पुन्हा चुऱ्यात. अंकुश म्हणायचा, ताईच्या घरी पोळीसुद्धा पट्टी लावून पाहत असतील.

आजवर तिच्या शीटचे पाट झाले, पाट्या झाल्या, दुकानांच्या फळ्या झाल्या. मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. धानोऱ्याच्या मुलींच्या आश्रमशाळेला वाचनालयाची सगळी टेबलं हवी होती. नमुन्याचं टेबल पसंत पडलं तर बाकीची तिचीच. आणि या कामावर गोदामही अडून होतं. मे महिन्यात तेंदूची पानं येणार. ग्रामसभेचे अध्यक्ष रामाजी यांनी सरळ सांगितलं होतं, "शाळेचं काम भेटलं तं पानं समाजमंदिरात ठेवू. नाई भेटलं तं तुह्या मशिनी बाहेर. गाव काई तुह्यावर नाराज नाई, बाई. पन पानाले छत लागते." या विषयावर शुक्रवारी ग्रामसभा बसणार होती.

रीतानं परत आलेली शीट पुन्हा गाडीत चढवली.

"मुखरूभाऊ, आमाले बी घेऊन चाला. मॅडमच्या समोरच हुंगतो."

बुधरीबाई पदर खोचून पुढं बसली. तिला सर्दीचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

मुख्याध्यापिका दीपिका मॅडम पनवेलच्या. जूनमध्ये इथं रुजू झाल्या होत्या. त्यांनी शीट आत आणायला लावली आणि होती तिथंच, खिडकीखालच्या टेबलावर ठेवली. "आत्ता नाही येणार," त्या म्हणाल्या. "ऊन खिडकीत आलं की येतो. जेवून घ्या तोवर."

जेवणं झाली. ऊन खिडकीतून आत आलं, टेबलावर चढलं. थोड्या वेळानं मधल्या सुट्टीतल्या मुली वाचनालयात आल्या आणि रीतानं पाहिलं की बाकी टेबलं सोडून सगळ्या या एकाच टेबलाला चिकटल्या. दोघी पुस्तक उघडून बसल्या होत्या, पण पुस्तकात बघत नव्हत्या. एकीनं तर गाल टेबलावर टेकवून डोळे मिटले.

"हे रोजचं," मॅडम हळूच म्हणाल्या. "आधी मला वाटलं, वाचनाची गोडी लागली. आठवडाभर मी खूश होते."

"दिव्यानी, कायचा वास येते ओ?" बुधरीबाईनं गाल टेकवलेल्या मुलीला विचारलं. पोरगी तिच्या बहिणीची नात होती.

दिव्यानीनं डोळे उघडले. "मोहाचा," ती म्हणाली. "आमच्या घरी आजी सडवा घालते, तसा."

दुसरीनं तिला कोपर मारलं. सडवा म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवायला ठेवलेला मोह, आणि गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे त्या शाळेत पहिलीतल्या मुलीलाही माहीत होतं.

"आजी घालत होती," दिव्यानीनं दुरुस्ती केली. "आता नाई घालत."

बुधरीबाई टेबलाजवळ सरकली. ती शीटकडं बघत होती. निळी शीट, मधेमधे झाकणांचे पांढरे ठिपके, चांदण्यांसारखे.

"डरम," ती शेवटी म्हणाली.

मग रीतालाही लागला तो धागा. होळीच्या आधी बुधरीबाईच्या मंडळानं जंगलात नाल्याकाठी लपवलेला सडवा शोधून काढला होता. बायांनी तो नाल्यात ओतला, ड्रम कुऱ्हाडींनी फोडले, फोटो काढले, आणि ते जाड निळे तुकडे बैलगाडीत घालून वाजत गाजत रीताच्या गोदामात आणून टाकले. इतकं चांगलं, एकाच जातीचं, जाड प्लास्टिक रीताला आजवर मिळालं नव्हतं. तिनं ते दोनदा धुतलं. पण ड्रम कित्येक वर्षं सडव्यानं भरलेले, आतपर्यंत प्यायलेले. बाहेरून धुऊन आतला वास जात नाही. ऊन लागलं की तो सावकाश वर येतो. आणि गावात तो कुणालाच आला नाही, कारण हे दिवस मोहाची फुलं वेचायचे. पहाटेपासून सगळं गाव झाडाखाली; अंगणात मोह, छपरावर मोह, हाताला मोह, उशीला मोह. त्या गावाला मोहाचा वास यायचा कुठून? पट्टी लावून उजेड बघणाऱ्या रीतानं शीट शाळेत पाठवण्याआधी हुंगूनच पाहिली नव्हती, आणि हुंगली असती तरी उपयोग नव्हता. शाळेतल्या मुली मात्र दिवाळीनंतर घरी गेलेल्या नव्हत्या.

"मला वासाचं वावडं नाही," दीपिका मॅडम म्हणाल्या. "उलट मुली इतक्या शांत बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पण पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येणार. दारूबंदीच्या जिल्ह्यात, मुलींच्या वाचनालयात हातभट्टीचा वास. मी काय सांगू त्यांना?"

"दुसरी शीट आणते," रीता म्हणाली.

"आणा. उन्हात ठेवून बघते. वास नाही आला तर बाकीची टेबलं तुमच्याकडूनच."

परतीच्या वाटेवर बुधरीबाई मागं, परत आणलेल्या शीटपाशी बसली. मुखरूभाऊनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. "अध्यक्षीणबाई, मंडळानं दारू पकडली हे मले मालूम होतं. शाळेत नेऊन ठेवली हे आज समजलं."

"गाडी चालव ना तू."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. म्हातारे दादाजी काठी टेकत गोदामात आले आणि परत आलेली शीट आपल्याला हवी म्हणाले.

"कायले पायजे?" रीतानं विचारलं.

"खाटेवर टाकतो. डॉक्टरनं पियाची मना केली, झोपाची नाई केली."

हसणं झालं, पण अडचण होती तिथंच होती. ड्रमांचा चुरा पोत्यांत भरलेला होता, आणि तेवढं जाड दुसरं प्लास्टिक शुक्रवारच्या आत कुठून येणार? हाच चुरा साफ करणं भाग होतं. रीतानं नागपूरच्या जुन्या सुपरवायझरला फोन लावला. गरम पाणी आणि सोडा, मग खूप ऊन आणि वारा, असं तो म्हणाला. सोडा संपला तेव्हा बुधरीबाईनं घरोघरची चुलीची राख आणवली. मंगळवारी दिवसभर कढया उकळत होत्या आणि अंकुश निळा चुरा ढवळत होता.

"भाताले बी मी इतकं नाई ढवळलं," तो म्हणाला.

"तुह्या बायकोले ईचारते," बुधरीबाई म्हणाली. "भात कोन ढवळते तुमच्या घरी."

खरी पंचाईत वाळवताना आली. गावात जिथं ऊन होतं तिथं मोह वाळत होता. चुरा त्याच्या शेजारी पसरला असता तर धुतलं न धुतलं सारखंच. शेवटी रीताला स्वतःचंच घर आठवलं. सरकारी क्वार्टरवर स्लॅबचं छत होतं, आणि वनरक्षकाच्या घरून मोह वेचायला कुणी जात नव्हतं. तिनं छत धुतलं, चादरी अंथरल्या, चुरा पसरला. नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा गावातल्या बाया त्याच्या डोक्यावर खराटे फिरवत होत्या. तो काही न विचारता आत जाऊन झोपला.

बुधवारी दुपारी नवी शीट निघाली. सपाट, निळी, ठिपक्यांची. रीतानं पट्टी ठेवली, उजेड दिसला नाही. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले. वास गेला का, हे सांगणार कोण?

"बाहेरचं नाक पायजे," अंकुश म्हणाला. "सिरोंच्याचा मच्छीवाला येते ना उद्या?"

"त्याच्या नाकात मच्छी. त्याले आपन बी मच्छीच वाटत असू."

बोलता बोलता रीताची नजर दाराकडं गेली. बुधरीबाईची शेळी उंबऱ्यात उभी राहून कुणाच्या तरी सुपातला मोह लांबवत होती. मोहासाठी शेळी कुंपण तोडते, पोतं फाडते. बाकी सगळ्यांचं नाक मोहानं मेलं, हिचं जिवंत होतं.

रीतानं सूप बाजूला केलं. जुनी शीट आणि नवी शीट बाहेर उन्हात शेजारी शेजारी मांडली, तापू दिली. मग शेळी सोडली. शेळी आली, जुन्या शीटवर थांबली आणि चाटू लागली. रीताचा श्वास मोकळा व्हायच्या आत ती सरकली आणि नवी शीटही चाटली. थोडीशी, पण चाटली.

"फेल," अंकुश म्हणाला.

"तिले मीठ लागलं असन, हाताचं," बुधरीबाई म्हणाली.

"फेल," रीता म्हणाली, आणि नवी शीट उचलून चुऱ्याच्या मशीनकडं निघाली.

पुन्हा कढया, पुन्हा राख, पुन्हा छत. या वेळी रीतानं चुरा आणखी बारीक केला, म्हणजे ऊन आतपर्यंत जाईल. गुरुवारी दुपारी पुढची शीट उन्हात आली तेव्हा अर्धं गाव गोदामापुढं होतं. रामाजीही होते, वाटेनं जाताना सहज थांबलो असं दाखवत होते. रीतानं शीट ओल्या फडक्यानं पुसून घेतली, मिठाचं कारण नको म्हणून.

शेळी आली. जुनी शीट चाटली. नव्या शीटला नाक लावलं, फुर्र केलं, आणि परत जुनीकडं वळली. रीतानं दोन्हींच्या जागा बदलल्या. शेळी जुनीच्या मागं गेली.

"अजून एक खेप," रीता म्हणाली.

"अवो ताई, बकरीले चढन," अंकुश म्हणाला.

दादाजी काठीवर रेलून बघत होते. "दारूबंदीच्या अध्यक्षाची बकरी," ते म्हणाले, "आन पाहा, हटून राह्यली का."

"थे तपास करून राह्यली," बुधरीबाई म्हणाली. "तुमी काय करून राह्यले उन्हात?"

तिसऱ्या खेपेलाही शेळी जुन्या शीटवरच गेली. जाताना रामाजींनी समाजमंदिराची किल्ली कुणाकडं आहे एवढं विचारलं. ते कशासाठी विचारलं, हे रीतानं त्यांना विचारलं नाही.

गुरुवारीच मुखरूभाऊ शीट घेऊन गेला.

शुक्रवारी गोदामात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. ग्रामसभा पाचला होती. दुपार उतरू लागली तशी रीता फोन उलटा ठेवी, सुलटा ठेवी. शाळेतल्या त्या खिडकीत ऊन किती वाजता येतं हे तिला माहीत होतं. आता आलं असेल. आता टेबल तापलं असेल. अंकुश प्रेसपाशी होता, पण प्रेस बंद होती.

चार वाजता फोन वाजला. दीपिका मॅडमनी फोटो पाठवला होता. खिडकीखाली निळं टेबल, त्यावर ऊन, आणि चारी बाजूंनी वाकून टेबलाला नाक लावलेल्या मुली. दिव्यानी मधे होती. तिनं डोळे मिटलेले होते आणि कपाळावर आठी होती, काहीतरी शोधत असल्यासारखी.

खाली एवढंच लिहिलं होतं: "अजून दोन दिवस बघते."

बुधरीबाईनं फोन हातात घेऊन मुलींचे चेहरे एकेक करून मोठे करून पाहिले. "नाई भेटून राह्यला पोट्ट्याइले," ती म्हणाली. मग पुन्हा पाहिलं. "का भेटला?"

रीतानं फोन घेतला. ग्रामसभेत दाखवायला एवढंच होतं, हो नाही आणि नाहीही नाही. समाजमंदिराकडून ग्रामसभेची हाळी ऐकू आली. तिनं शटर अर्धं ओढलं, आणि तिघंही त्या दिशेनं निघाली. बाहेर, भिंतीला टेकवलेल्या जुन्या शीटपाशी शेळी अजून उभी होती.