चूक चकतीची नव्हती

मी एक पुठ्ठ्याची जुनी चकती आहे, आणि मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. माझ्यावर भर सभेत खोटेपणाचा आळ आला. तो मी अजून विसरलेली नाही.

आधी माझी ओळख. एकावर एक दोन गोल पुठ्ठे आणि मधोमध पितळी खिळा, एवढीच मी. खालच्या पुठ्ठ्यावर तारे आहेत आणि कडेला वर्षाचे सगळे दिवस. वरच्या पुठ्ठ्याला लंबगोल खिडकी आहे आणि कडेला तास. तारीख आणि तास समोरासमोर आणले की त्या वेळचे आकाश खिडकीत दिसते. चंद्र मात्र माझ्यात नाही. तो रोज घर बदलतो, त्याला दिनदर्शिकेत शोधावे लागते.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या एका माणसाने मला बनवले. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. कामावरून येताना तिला एकदा कृत्तिकांचा गुच्छ दिसला, आणि नेमकी तेव्हाच बस आली. घरी येऊन तिने विचारले, तो पुन्हा नीट कधी पाहता येईल? नवऱ्याने उत्तर द्यायला दोन महिने लावले. ते उत्तर म्हणजे मी. माझ्या पाठीवर त्याने पेन्सिलीने अटी लिहिल्या : गुच्छ उंच असावा, चंद्र नसावा, कामाची पाळी सकाळची असावी, आणि आईला सांगू नये. शेवटची अट कधीच पाळली गेली नाही. सासूबाई दर वेळी सगळ्यांच्या आधी गच्चीवर हजर असत.

पुढे त्यांची मुलगी शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि मला वर्गात घेऊन गेली. मुले तिला बाई म्हणत. एकोणीस हिवाळे मी त्या वर्गात काढले. किती बोटांनी मला फिरवले, त्याची गणतीच नाही. मी सांगितलेली वेळ एकदाही चुकली नाही.

मग गेल्या वर्षी नर्सबाईंना, म्हणजे बाईंच्या आईला, काचबिंदू झाल्याचे कळले. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. एक डोळा गेला होता, दुसऱ्याची नजर आकसत चालली होती. जे गेले ते परत येणार नाही, आहे ते किती टिकेल सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावर नर्सबाई एवढेच म्हणाल्या, "मग कृत्तिका पाहून घेऊ. मुलांनाही दाखवू."

बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि शेजारी दिनदर्शिका उघडली. जानेवारीची अखेर, अमावास्या, संध्याकाळी साडेसात. गुच्छ जवळजवळ डोक्यावर, चंद्राचा पत्ता नाही. शाळेच्या मैदानाचे चारही दिवे तासभर बंद ठेवायला वायरमन तयार झाला. एकशे दहा मुलांच्या घरी चिठ्ठ्या गेल्या.

आणि शाळेच्या अध्यक्षांनी तारीख नऊ दिवस पुढे ढकलली. त्यांच्या पाहुण्यांना त्याच दिवशी सवड होती.

बाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. नऊ दिवसांनी अर्ध्याहून मोठा चंद्र नेमका गुच्छाला खेटून असेल, हे त्यांनी दिनदर्शिकेतून चंद्राची जागा काढून माझ्यावर बोट ठेवून दाखवले. आईच्या डोळ्यांचेही सांगितले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"तारेच आहेत ना बाई? पळून थोडेच जाणार आहेत?"

तारे पळत नाहीत, साहेब. माणसाची नजर जाते. पण मला तोंड नव्हते.

ठरल्या संध्याकाळी पाहुणे सव्वा तास उशिरा आले. फोटोसाठी दोन जादा दिवे लावले. भाषण चाळीस मिनिटे चालले, त्यात आकाश हा शब्द एकदा आला. पाहुण्यांच्या गाडीला वाट दिसावी म्हणून दिवे शेवटपर्यंत जळत राहिले. मुले माना वर करून थकली. त्यांच्यात नर्सबाई उभ्या होत्या, कपाळावर हात धरून. चंद्र आणि दिवे यांपलीकडे कुणालाच काही दिसले नाही.

तेव्हा अध्यक्ष माइकवर हसून म्हणाले, "या जुन्या पुठ्ठ्याच्या भरवशावर राहिलो, काय करणार? चूक चकतीची आहे."

सगळे हसले. मुलेही हसली. ज्यांनी मला शिकून घेतले होते, तीसुद्धा! माझा पुठ्ठा जळला असता तर बरे, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी शिपायाने मला घडी घालून कार्यालयातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले. माझी खिडकी तेव्हा फाटली.

दोन आठवड्यांनी नर्सबाई स्वतः शाळेत आल्या, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून. टेबलामागे अध्यक्ष बसले होते. चाळीस वर्षे वॉर्डात वापरलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "उठा. टेबल उचला."

अध्यक्षांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली.

"नंतर. आधी उचला."

त्यांनी टेबल उचलले. बाईंनी मला काढले, तिथेच उभ्या राहून पुढच्या अमावास्येच्या तारखेवर फिरवले आणि ती तारीख सांगितली. कृत्तिका पश्चिमेकडे कललेल्या असतील, पण दिसतील. या वेळी कुणाची परवानगी मागितली नाही. वायरमनने दिवे बंद केले. अकरा मुले आली.

कृत्तिका आल्या होत्या, मी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी. कुणी सहा तारे मोजले, कुणी सात. एक मुलगी नर्सबाईंचा हात धरून त्यांच्या बोटाने गुच्छाकडे दाखवत होती.

"दिसतंय का गं आई?" बाईंनी विचारले.

नर्सबाईंनी बराच वेळ पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या अमावास्येला दिसलं असतं."

मग त्या चटईवर बसल्या आणि मुलांनी त्यांना एकेक तारा कुठे आहे ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मीच ऐकू शकले नाही.

मित्रांनो, माझी फाटलेली खिडकी बाईंनी चिकटपट्टीने जोडली आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पुठ्ठा दुसरा मिळतो. पण कुणी नीट पाहून, मोजून एखादी वेळ ठरवली असेल आणि कुणी मोठा माणूस ती आपल्या सोयीने हलवू लागला, तर हसू नका. उभे राहा आणि विचारा, त्या नऊ दिवसांत कुणाचे काय जाणार आहे?