डोळ्यांच्या गाडीतला करंट

इंजिन धडधडत होतं आणि करंट नव्हता. गुंडेरावला सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा येत होता. मशीन साफ बंद पडलं असतं तर त्याचं काही म्हणणं नव्हतं; बंद मशीनला एक लाथ घालून माणूस निदान कामाला तरी लागतो. हे बेणं मात्र फुकटचं डिझेल पीत होतं, शाळेचं पटांगण दणाणून सोडत होतं, आणि आत ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा विझत आलेल्या विडीसारखा तांबूस दिसत होता. मीटरचा काटा तळाशीच बसलेला.

गाडी डोळ्यांची होती. एका ट्रस्टने जुनी बस घेऊन तिच्यातली बाकडी उपटली, आत टेबल आणि दिवा बसवला, आणि मागे पत्र्याच्या कपाटात जनरेटर ठेवला. ज्या गावांत विजेचे खांब आले होते पण तारा आल्या नव्हत्या, तिथे जाऊन ही गाडी मोतीबिंदू काढायची. म्हैसूरचं कर्नाटक होऊन वर्ष झालं होतं, तरी अशा गावांना काही तोटा नव्हता. खटकचिंचोळीहून कोसभर आत असलेलं गुंडेरावचं गाव त्यातलंच एक. शाळेपुढच्या खांबाला सध्या कुणाची तरी शेळी बांधलेली होती.

शाळेच्या ओसरीवर म्हातारेकोतारे डोळ्यांत थेंब घालून, कपाळाला पट्टी चिकटवून ओळीने बसले होते. त्यांत कोंडाबाई होती, गुंडेरावची आई. तिचा एक डोळा पिकून कायमचा गेला होता. उरलेल्या डोळ्याला उजेड-अंधार एवढंच कळायचं, आणि तो डोळाही आता फार दिवस टिकणार नाही असं गुलबर्ग्याच्या डॉक्टर शिवशंकरप्पांनी सकाळीच सांगितलं होतं. डॉक्टर संध्याकाळी परत जाणार होते. गाडी या गावात पुन्हा यायची ती पुढच्या वर्षी. म्हणजे आज करंट आला तर कोंडाबाईला दिसणार, नाही आला तर नाही.

आणि करंट आणायचं काम गुंडेरावचं होतं. गाडीवर जनरेटर-ऑपरेटर म्हणून लागल्यापासून त्याने हा दिवस घोकला होता. त्याच्या गावात, त्याच्या वस्तीसमोर, त्याच्या मशीनच्या उजेडात त्याच्या आईचा डोळा उघडणार होता. माणसाने फार घोकू नये म्हणतात ते खोटं नाही.

राग गुंडेरावच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि हात कामात असले की तो तोंडावाटे बाहेर पडायचा. त्याने फ्यूज काढून पाहिले, ते धड होते. अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली. इंजिनाची गती वाढवली, तर आवाज वाढला, धूर वाढला, काटा हलला नाही. मग त्याने बॅटरीच्या दोन वायरी आणून फील्डला, म्हणजे मशीनमधल्या चुंबकाच्या गुंडाळीला, झटका दिला. मशीन फार दिवस उभं राहिलं की कधीकधी आपलं चुंबकपण विसरतं, त्याला असा चिमटा काढून जागं करावं लागतं. मशीन जागं झालं नाही. एवढं होईस्तोवर त्याने ट्रस्टला, डिझेलवाल्याला, बघत उभ्या असलेल्या गावकऱ्यांना आणि खांबाच्या शेळीला शिव्या घालून झाल्या होत्या.

ड्रायव्हर अंबाजी तेवढा राहिला होता. तो टायरला टेकून शांतपणे पान चघळत होता, आणि त्याचं ते शांत असणंच गुंडेरावला सोसत नव्हतं. अंबाजी धनगराचा, भालकीकडचा, मैलारच्या खंडोबाचा भक्त. खंडोबाच्या हळदीची, म्हणजे भंडाऱ्याची पुडी त्याच्या स्टेअरिंगपाशी कायम असायची. शिबिराआधी दसऱ्याच्या सुट्टीभर गाडी इथेच गावात उभी होती. खंडेनवमीच्या सकाळी त्याने गाडी धुतली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटला मूठभर भंडारा फासला. मग तो जनरेटरकडे वळला तेव्हा गुंडेराव आडवा आला होता. इंजिन तुझं आहे, त्याला काय चोपडायचं ते चोपड; हे मशीन माझं आहे, याला हात लावलास तर हात ठेवणार नाही, असं त्याने चारचौघांत बजावलं होतं. गुंडेरावच्या वस्तीने धम्म घेतला तेव्हा तो पोरसवदा होता. घरातले देव टोपलीत घालून कोंडाबाईनेच ओढ्यात नेऊन सोडले होते आणि तो तिच्या मागे मागे गेला होता. तेव्हापासून कुंकू-भंडाऱ्याचा ठिपका दिसला तरी त्याचं डोकं फिरायचं. अंबाजी त्या दिवशी सणाला आपल्या घरी निघून गेला होता.

डॉक्टर खिडकीतून डोकावले. थेंबांचा अंमल उतरत चाललाय, आणखी किती वेळ, असं त्यांनी कन्नडमधून विचारलं. झालंच म्हणून गुंडेरावने कन्नडमधूनच उत्तर दिलं आणि मराठीतून मशीनची आई काढली. टॉर्च धरून करता येईल का, असं शाळेच्या हेडमास्तरांनी सुचवून पाहिलं. टॉर्चच्या उजेडात मी माणसाचा डोळा कापणार नाही, एवढं बोलून डॉक्टर आत गेले.

आता मागचं झाकण खोलणं तेवढं बाकी होतं. तिथे पितळेच्या दोन रिंगा फिरतात, त्यांच्यावर कार्बनचे तुकडे स्प्रिंगने दाबून बसवलेले असतात, आणि त्यांच्यातूनच सगळा खेळ चालतो. ते गुंडेरावने शेवटावर ठेवलं होतं, कारण कार्बन त्याने नवमीलाच साफ केले होते. इंजिन बंद करून त्याने झाकण काढलं आणि तो बघतच राहिला.

रिंगा पिवळ्याजर्द झाल्या होत्या. तेल आणि भंडारा यांचा चिकट लेप रिंगांवर चढला होता, फिरून फिरून तो कार्बनच्या खोबणीत शिरला होता आणि तिथे घट्ट बसला होता. कार्बन रिंगेला टेकतच नव्हते. करंट येणार कुठून?

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, अंबाजीची गचांडी धरली आणि त्याला ओढत मशीनपाशी आणलं. ओसरीवरचे म्हातारे आवाजाच्या दिशेने माना वळवून ऐकू लागले.

"बघ. बघ तुझ्या देवाचं काम. तुला न्हाई म्हनलं होतं का न्हाई? माझ्या पाठीमागं लावलास?"

"म्या न्हाई लावलो," अंबाजी म्हणाला.

"मग तुझा खंडोबा येऊन लावून गेला? भंडारा कुनाचा हाय ह्यो?"

"भंडारा माझाच हाय. लावलो म्या न्हाई."

 गुंडेराव मात्र थांबला नाही. अंबाजीची जात, त्याची मेंढरं, त्याचा देव, त्याचं पान, सगळं त्याने गावासमोर धुऊन काढलं. एवढ्या गरिबांचे डोळे तू मुद्दाम फोडलेस, आमच्या माणसाच्या हातात मशीन आहे हे तुला बघवत नव्हतं, असंही तो म्हणाला. अंबाजीचे कान लाल झाले. त्याने एकदा ओसरीकडे पाहिलं, पण कुणाचं नाव घेतलं नाही.

ओसरीवरून कोंडाबाई भिंत चाचपत उठली.

"गुंडू, त्याला कामून बोलायलास? म्या लावलंय ते."



"तू म्हनलतास, मशीन झटका देतंय. हात काळा झालता तुझा. मला झोप लागंना. नवमीला तू झेंडे बांधाया गेलतास, तवा ह्यो घरला निघायच्या आदी ह्याच्याकडून मूठभर मागून घेतलं, तेलात कालवलं. मला दिसतंय कुठं? हातानं चाचपलं, एक जागा गुळगुळीत लागली. म्हनलं, हेच त्याचं त्वांड आसंल."

गुंडेरावला ती नवमी आठवली. कार्बन साफ करून, झाकण तसंच उघडं टाकून तो विहारावर निळे झेंडे बांधायला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला सभेत भाषण करायचं होतं, देवभोळेपणावरच, आणि ते तो मनात घोळवत होता. परत आला तेव्हा दिवेलागण झालेली. आत न बघता त्याने झाकणाचे स्क्रू आवळून टाकले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करतो काय? शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. गुंडेरावला गप्प बसणं कधी जमलंच नव्हतं.

"देव वढ्यात टाकलीस ना गं तू? तुझ्या हातानं टाकलीस ना?" तो ओरडला. "माझी समद्या गावात शोभा केलीस. डोळं गेले तर गेले, अक्कलबी गेली का? ऱ्हा मग तशीच आंधळी. तुझ्यासारखीला दिसून तरी काय करायचंय?"

ते शब्द तोंडातून गेले आणि परत घेता येईनात.  कोंडाबाई होती तिथेच खाली बसली आणि पदराने कपाळावरची पट्टी नीट दाबू लागली.

गुंडेरावने पक्कड उचलली. अडकलेला एक कार्बन रॉकेल घालून सावकाश सोडवायला हवा होता. तो स्वतः नव्या पोरांना तसंच शिकवायचा. आज त्याने पक्कड लावली आणि हिसका मारला. कार्बन निघाला, पण त्याच्याबरोबर स्प्रिंग तुटून गवतात कुठे उडाली ते कळलं नाही. दुसरी स्प्रिंग बीदरला होती.

तेव्हा मात्र त्याची शिवी घशातच राहिली. द्यायची कुणाला? भंडारा आईचा होता, झाकण त्याचं होतं आणि हिसकाही त्याचाच होता.

त्याने दुसरा कार्बन रॉकेलने सोडवला, रिंगा पुसल्या, काचपेपर लावून चकचकीत केल्या. स्प्रिंगेवाचूनचा कार्बन खोबणीत ठेवला. शाळेतून लाकडी पट्टी मागवून घेतली, तिचं टोक कार्बनच्या पाठीवर टेकवलं, आणि इंजिन चालू करायला सांगितलं. अंबाजीनेच हँडल मारलं. गुंडेरावने पट्टी दाबली तसा काटा सरसर वर गेला आणि गाडीच्या खिडकीत पांढरा लख्ख उजेड पडला. ओसरीवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दाब जरा कमी झाला की दिवा मान टाकत होता, म्हणून पट्टी सोडायची सोय नव्हती.

ज्याचा डोळा वाचवण्याची घाई जास्त, त्याला आधी घ्या, असं डॉक्टरांनी ठरवलं. पहिली कोंडाबाई. तिला उठवून पायऱ्यांपर्यंत आणायला माणूस हवा होता. मुलगा दहा हातांवर मशीनपाशी ओणवा उभा होता. तो हलला असता तर उजेड हलला असता. अंबाजी पुढे झाला, आईला म्हणावं तसं "चल अव्वा" म्हणाला, आणि थोड्या वेळापूर्वी जिच्यापायी त्याने एवढं ऐकून घेतलं होतं तिला हाताला धरून आत घेऊन गेला. गुंडेरावला त्याच्याकडे बघवलं नाही.

जनरेटरच्या वरच्या अंगालाच ऑपरेशनची खिडकी होती. इंजिनाच्या धडधडीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. जरा वेळाने अंबाजीचं डोकं खिडकीतून बाहेर आलं.

"अव्वा इचारायली, राग गेला का म्हनून."

"गेला म्हन."

"म्हनलो. पटत न्हाई तिला. सारखी मान वळवायली. मान हलली तर सुई कशी घालू, म्हनायले डॉक्टर. तूच सांग."

गुंडेरावचा राग गेलेला नव्हता. आईवरचा, अंबाजीवरचा कधीच गेला होता. पण जो होता तो स्वतःवर होता आणि तो छातीत मावत नव्हता. तिला जवळ घेऊन, तिच्या कानाशी जाऊन हळूच सांगावं असं ते बोलणं होतं. पट्टी सोडता येत नव्हती आणि इंजिन कानठळ्या बसवत होतं. त्याने मान वर केली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला.

"माय, राग न्हाई! माझा राग न्हाई तुझ्यावर!"

त्याचा आवाज मघाचाच होता. तसाच फाटका, तसाच कडक. दुसरा आवाज त्याला येतच नव्हता.

अंबाजी आत वळून ऐकत राहिला आणि पुन्हा बाहेर वाकला. त्याला सांगवत नव्हतं हे दिसत होतं.

"अजून वरडायलाय म्हनती."

गुंडेरावने पुन्हा तोंड उघडलं, पण तेवढ्यात डॉक्टरांनी आतून खिडकीचा पडदा ओढला. ऑपरेशन सुरू झालं होतं. त्याने पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि दाब ढळू नये म्हणून कोपरं पत्र्याला टेकवली.