माझ्या अंड्यांखालून पळालेला कैदी

पहिल्यांदा चुकलं ते एका खड्याचं. नाल्यावर पोट भिजवून मी परत आले, अंड्यांवर बसायला पाय दुमडले आणि तशीच थबकले. कडेचा एक खडा उलटा पडला होता. ओली बाजू वर, कोरडी खाली. वैशाखाच्या उन्हात कुठल्या खड्याची ओली बाजू वर राहते? म्हणजे मी गेल्यावर, आत्ताच, कुणीतरी तो उचलला होता.

मी टिटवी. भर दुपारी हवेत गिरक्या घेत, घसा फुटायची वेळ आली तरी ओरडते आहे, ती मीच. तुम्ही म्हणाल, ही तर नेहमीच ओरडते. तेवढंच म्हणू नका. निदान आज तरी नको.

आमच्याबद्दल माणसं काय काय बोलतात! आभाळ कोसळेल म्हणून आम्ही म्हणे पाय वर करून झोपतो. अहो, मी झोपतेच कुठे? पान हललं तरी मी दचकते. माझा जन्मच उघड्या रानातला, धरणगावच्या अलीकडच्या माळावर, चार दगडांच्या आडोशाला. आई म्हणायची, जमिनीवर घर करणाऱ्याने भित्रंच असावं. मी तिचं ऐकलं. भित्री झाले, आणि त्यामुळेच मला सगळं दिसतं.

या माळावर, स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी, सरकारने कैद्यांसाठी शेती काढली. भोवती काटेरी तार, कोपऱ्यात मचाण, मधे कपाशीचं रान. तारेपासून बारा-तेरा हातांवर एका खोलगट जागी मी चार अंडी घातली. खोलगट जागी, हे लक्षात ठेवा.

खड्याची गोष्ट मी आमच्या ह्यांना सांगितली. हे एका पायावर उभे होते. म्हणाले, "उन्हानं तुझं डोकं फिरलंय."

दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन आले तर अंडी हातभर सरकलेली. खळगा तसाच, खडे तसेच, टोकं आत वळवून चारही अंडी तशीच. फक्त जागा दुसरी. तिसऱ्या दिवशी आणखी हातभर. मी वेड्यासारखी जुन्या जागी जाऊन बसायची, मग नव्या. वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. आपणच विसरलो असू. बारा दिवसांत माझं घर खोलगटातून निघून तारेला लागून असलेल्या उंच बांधावर जाऊन बसलं, आणि मी एकदाही तिथे चालत गेले नव्हते!

तेराव्या दिवशी गिरधर नावाच्या कैद्याने आरोळी ठोकली.

हा गिरधर दोंडाईच्याच्या बाजाराचा बैलचोर. चोरलेल्या बैलांची शिंगं रंगवून त्याने ते ज्याचे त्यालाच विकले होते. पकडला गेला तो पुढच्या बाजारात, त्याच मालकाला "बैल कसे चालतात?" विचारायला गेला म्हणून. ही गोष्ट तो स्वतः सांगायचा आणि शिपाईसुद्धा पोट धरून हसायचे.

"झुलाल नाना!" गिरधर ओरडला. "टिटवीनी उच्चा बांधवर अंडा देयेल शेतस! चार!"

झुलाल नाना म्हणजे इथले जमादार. खाकी कपड्यांतले शेतकरीच ते. धावत आले, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. कारण या मुलखात समज असा की टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर, आणि जितकी अंडी तितके महिने.

"चार महिना पानी!" नानांनी बोटांवर मोजलं. "आठे कोनी पाय ठेवानं नही. पानी रुसई."

भोवती काठ्या रोवल्या, त्यांना चिंध्या बांधल्या. नांगर वीस पावलांवरून वळू लागले. आणि कुत्री, घारी हाकलायला राखणदार नेमला. कुणाला? ज्याने जागा शोधली त्याला. गिरधरला!

मी ओरडून ओरडून सांगितलं, मी खोलगटात घातली होती, यानेच उचलून आणली! या समजाला पाया असलाच तर तुमचा पाऊस यंदा खोलगटातला आहे, नाना! कोण ऐकणार?

मग तो खणायला लागला. बांधाला तार, तारेपलीकडे नाल्याची उतरंड, अंतर जेमतेम दोन माणसं आडवी झोपतील एवढं. तो माझ्याजवळ उकिडवा बसे, खांद्यावरून मागे बघे आणि खुरप्याने माती काढे. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पहिल्या दिवशी नाना काठी घेऊन धावत आले.

"काय शे रे? कसाले वरडस ती?"

"काही नही नाना, धामण व्हती. हाकली दिनी."

दुसऱ्या दिवशी नाना चालत आले. तिसऱ्या दिवशी विहिरीवरूनच विचारलं. चौथ्या दिवशी गिरधरच हसत म्हणाला, "नाना, ती मन्हावरच वरडस. मन्ही सासू बी इतली वरडत नही." सगळे हसले. त्या दिवसापासून माझा आवाज कुणालाच ऐकू येईनासा झाला. ते त्याला हवंच होतं. कान बधिर करायला त्याने माझाच गळा वापरला!

आणि माती कुठे गेली, विचारा ना. मला पाणी पाजायला म्हणून तो रोज मडकं भरून आणायचा आणि जाताना त्याच मडक्यातून माती न्यायचा, कपाशीच्या सरींत पसरायचा. ते मडकं बघून नाना म्हणायचे, "चोर शे, पन जीवदया शे त्याना पोटमा." माझ्या नावाचं मडकं! मी त्यातला एक थेंब प्यायले असेन तर शपथ. मी नाल्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून आणते, अंड्यांवर गारवा धरते. ही आमची रीत. ती कुणी बघितलीच नाही.

एके दिवशी बसले तर खालची माती लवली. गुबगुबीत लागली. मी उडाले, पुन्हा बसले. पुन्हा लवली. खड्ड्याच्या तोंडावर त्याने फांद्या टाकून पोतं अंथरलं होतं, पोत्यावर माती, मातीवर खडे आणि खड्यांत माझी चार अंडी. माझं घर म्हणजे त्याच्या भुयाराचं झाकण!

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाय बदलला आणि म्हणाले, "बरंच आहे की. मऊ आहे."

मचाणावरचा वना शिपाई तर मला दगडच मारायचा. "ए अवदसा, गप बठ!" टिटवी डोक्यावरून ओरडत गेली की घरात कुणी मरतं म्हणे. मग मला सांगा, माझी अंडी शुभ आणि माझा आवाज अशुभ? अंड्यांना नमस्कार आणि मला दगड? अंडी काय वाऱ्याने घातली?

त्या सगळ्या माणसांत एकटी मंजुळाबाईच कधीकधी मान वर करून बघायची. ती नानांची बायको. पुना हा तिचा थोरला, म्हणून नाना तिला पुनाची माय म्हणून हाक मारतात. त्यांचं बिऱ्हाड तारेच्या आतच, बांधापासून हाकेच्या अंतरावर. गिरधर तिथेही पाणी भरायचा. एक दिवस तिच्या दोरीवरून धोतर गेलं. मग सदरा. मग टोपी.

"तुमनं धोतर वाळत घालेल व्हतं, कोठे गयं?" तिने विचारलं.

"गायनी खादं व्हई," नाना म्हणाले.

"आनि टोपी? टोपी बी गायनी घाली का?"

"तुले ध्यान ऱ्हात नही," एवढं बोलून नाना निघून गेले. ती दोरीपाशी उभी राहून रिकाम्या चिमट्यांकडे बघत राहिली. तिचं ते उभं राहणं मला ओळखीचं वाटलं. अंडी सरकल्यावर मीही तशीच उभी राहायची. धोतर माझ्याखाली होतं, पोत्याखाली, घडी करून. मी तिला ओरडून सांगितलं. तिने कपाळावर हात धरून वर बघितलं, पण गिरधर मधे आला. "काही नही काकू, तिले घार दिसनी."

घारीचं निमित्त करून त्याने बुजगावणंही उभं केलं. भांडारातले फाटके कैद्याचे कपडे, काळ्या घोंगडीचे हातपाय, डोक्याला मडकं. तेच मडकं! आठवडाभर ते माझ्या शेजारी उभं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झाली: एक उभं, एक बसलेला.

आणि आज, दुपारच्या सुट्टीत, सगळे लिंबाखाली पडलेले असताना, त्याने बुजगावण्याचा खांब उपटला. त्याला उकिडवं बसवलं, घोंगडीच्या पायांची उतरती मांडी केली, डोक्याच्या मडक्यावर स्वतःची टोपी चढवली. मग भुयारात उतरून नानांचं धोतर नेसला, नानांचा सदरा घातला, नानांची टोपी घातली. वना मचाणावरून काय बघतो? गिरधर नेहमीसारखा अंड्यांपाशी बसलाय, बुजगावणं तेवढं वाऱ्याने पडलंय. संध्याकाळच्या गिनतीपर्यंत कोण उठवणार त्याला? माणसं मोजतात, बुजगावणं कोण मोजतं!

पण त्या कपड्यांसाठी पोतं उचललं, त्याच्या आधी त्याने माझी अंडी उचलली होती. फोडली नाहीत, हे खरं. दोन्ही हातांनी, जपून उचलली आणि बुजगावण्याच्या मांडीवर, त्या काळ्या घोंगडीवर ठेवली.

"राग धरू नको वं माय," तो मला म्हणाला. "आठे वर ठेवस. मुंगूस पोचाव नही."

आणि गेला. नाल्यातून वर आला तेव्हा धोतराचा सोगा हातात धरून, जमादारासारखा छाती काढून, नशिराबादकडच्या रस्त्याला लागला. पलीकडच्या गाडीवाल्याने त्याला रामराम घातला, त्यानेही घातला.

जाऊ दे. पळाला तर पळाला. तुमच्या तारा, तुमची मचाणं, तुमचे कैदी, त्यात माझं काय? पण इतका हुशार माणूस! माझ्याजवळ पंधरा दिवस बसला, माझ्या घराचा, गळ्याचा, तहानेचा उपयोग केला, आणि त्याने एकदाही माझ्या पायाकडे बघितलं नाही. आमच्या पायाचं मागचं बोट नावापुरतं असतं हो. आम्हाला काही धरून बसता येत नाही. फांदी नको, खांदा नको, मांडीही नको. आम्ही जमिनीच्या. त्याने अंडी उतरत्या मांडीवर, हातभर उंच ठेवली, उपकार केल्यासारखी. चार वेळा बसायला गेले, चारही वेळा घसरले, एकदा तर एक अंडं काठापर्यंत लोटलं गेलं. आता जायला धीर होत नाही.

काळी घोंगडी तापते आहे. आज सत्ताविसावा दिवस. कालपासून आतून टकटक येते. मघाशी खाली झेप घेतली तेव्हाही येत होती, पण हळू.

म्हणून मी ओरडते आहे. कैदी पळाला म्हणून नाही! लिंबाखाली नानांनी कूस बदलली. वनाने दगड भिरकावला. हे नाल्यापलीकडून म्हणाले, "काय झालं आता?"

आणि बिऱ्हाडाचं दार वाजलं.

मंजुळाबाई बाहेर आली. अनवाणी, डोक्यावर पदर, हात कपाळावर. तिने मला बघितलं, मग बसलेल्या त्या गिरधरकडे बघितलं. मी त्याच्या डोक्याला पंख घासून गेले तरी तो हलला नाही, हे तिने बघितलं. ती चालू लागली. सरळ, ढेकळं तुडवत.

लिंबाखालून नाना उठून ओरडले, "ओ पुनानी माय! तठे पाय ठेवू नको! पानी रुसई!"

"रुसो," ती मागे न बघता म्हणाली. "मी समजाडसू त्याले."

तिने चिंध्यांची दोरी उचलली आणि वाकून आत आली. मी तिच्या डोक्यावर होते, अगदी जवळ. दगड येईल म्हणून अंग चोरलं होतं. तिने मान वर केली.

"काय व्हयनं वं माय?" ती म्हणाली. "सांग माले."