शहाण्या सुनेची नाडी

सकाळचा चहा सगळ्यांना मिळाला, सुनेला सोडून. तिला उपाशीपोटी तपासणीला जायचं होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर तिला गाठ झाली होती. चार वर्षं घरात पाळणा हलला नाही, त्याचा दोष आजवर तिच्या पायगुणावर होता. आता तो वाटाण्यावर आला, एवढीच प्रगती. बाकी घराचं ठरलेलं होतं. तपासणीत पास झाली तर नांदेल, नापास झाली तर माहेरी.

म्हणून निघताना सासूबाईंनी आपल्या रक्तदाबाची गोळी तिच्या तळहातावर ठेवली. "घे. हिने छाती धडधडणार नाही. डॉक्टरांसमोर शोभा नको."

सुनेने गिळली. या घरात तिने याहून मोठ्या गोष्टी गिळल्या होत्या.

दवाखान्यात नर्सने हातात सुई लावली, बोटाला ठोके मोजायचा चिमटा. "साखर उतरवायचं औषध देतेय. साखर उतरली की ती ग्रंथी जागी होते का, ते रक्तात बघायचं. छाती धडधडेल, घाम येईल. लगेच सांगायचं. सकाळी काही औषध घेतलं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर थोरल्यांनी द्यायचं, हा घरचा नियम. भाजीवाल्यालासुद्धा तो पाठ होता.

वीस मिनिटांनी यंत्राच्या पडद्यावर ठोके होते बासष्ट.

"बघा, कशी शांत आहे आमची!" सासूबाईंनी तो आकडा शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही दाखवला, बोर्डाचा निकाल दाखवावा तसा.

सुनेच्या मानेखालची उशी भिजली होती. छत हळूहळू खाली येत होतं.

"चक्कर येतेय का गं?" नर्सने विचारलं.

"छे! उपाशी राहायची सवय आहे तिला."

नर्सने कपाळाला हात लावला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कपाळाकडे. चिमटा बदलला. बासष्ट. "एवढा घाम, आणि ठोके जागचे हलत नाहीत? यंत्र बिघडलं की काय?"

यंत्र ठीक होतं. सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बोललं तर माहेर. न बोललं तर जिथे जायचं, तिथे सासरही नव्हतं आणि माहेरही.

"गोळी..." जीभ दगडासारखी जड झाली होती. "ठोके कमी करायची. सकाळी यांनी दिली."

नर्सने आधी रक्ताचा थेंब घेतला आणि मग डॉक्टरांना हाक मारली ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेली. सुईतून ग्लुकोज गेलं. तपासणी थांबली. छत जागेवर गेलं.

"म्हणजे नापास?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, साखर अठ्ठावीसवर होती हिची," नर्स म्हणाली. " आणखी थोडा वेळ हिचा शांतपणा बघत बसलो असतो, तर ठोके थांबल्यावरही तुम्ही कौतुकच केलं असतं. बाहेर बसा आता."

"पण मग तिला काय होतंय, ते सांगणार कोण?" सासूबाईंनी हे अगदी मनापासून विचारलं.

नर्सने मधला पडदा ओढला. "तपासणी पुन्हा करावी लागेल. पुढच्या आठवड्यात येशील?"

"घरी विचारून कळवते," पडद्याआडून उत्तर आलं.

"येईन," सून म्हणाली. "माहेरून येईन. माझा फोन सासूबाईंच्या पिशवीत असतो. तो तेवढा आणून द्या, वडिलांना बोलावते."