एक नंबरचा बिल्ला

आमच्या गोदामाच्या दाराशेजारी एक लाकडी फळी आहे. फळीवर खिळे आहेत. आत जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला टांगायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. बिल्ला फळीवर म्हणजे माणूस आत. फळी रिकामी म्हणजे गोदाम रिकामं, लावा कुलूप. पद्धत इतकी सोपी आहे की ती चुकवायला डोकं लागतं. त्या शनिवारी आमच्याकडे तीन डोकी होती.

पहिलं डोकं मामांचं. ते माझे सख्खे मामा, पण कारखान्यात मॅनेजरपासून सगळेच त्यांना मामा म्हणतात. हुद्दा मुख्य चाखणी अधिकारी, बिल्ला नंबर एक. चौतीस वर्षं ते पिंपांत नाक घालत आले आणि त्यासाठी त्यांना पगार मिळत आला. दुसरं डोकं अबकारी साहेबांचं, बिल्ला नंबर दोन. सरकारी माणूस सोबत असल्याशिवाय गोदामाचं दार उघडत नाही, कारण दाराला दोन कुलपं आहेत, एक कंपनीचं आणि एक सरकारचं. दोन्ही दाबली की बसतात. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. लग्नासारखंच, असं मामा म्हणतात. ते तीस वर्षं सुखाने विवाहित आहेत.

तिसरं डोकं माझं. चाखणी सहायक, बिल्ला नंबर तीन.

त्या दिवशी मामा निवृत्त होणार होते. चार वाजता निरोप समारंभ आणि त्यातच पुढच्या मुख्याचं नाव जाहीर व्हायचं होतं. सकाळी मामा मला म्हणाले, "भाचेबुवा, आज शेवटची परीक्षा. तीन फेऱ्या, डोळे बांधून. जमलं तर खुर्ची तुझी."

मला खुर्ची नको होती. मला टूथपेस्टच्या कारखान्यात जायचं होतं.

तो कारखाना बायकोच्या गावात आहे. बायको तिथे शाळेत शिकवते आणि आमची सात महिन्यांची मुलगी तिच्याजवळ असते. मी रविवारी जातो. मुलगी मला वासावरून ओळखते आणि रडते. टूथपेस्टवाल्यांनी मला प्रयोगशाळेत घ्यायचं ठरवलं होतं. उत्तर शनिवारी पाचच्या आत फोनवर कळवायचं, नाहीतर दुसरा उमेदवार तयार होता. हे मी मामांना सांगितलं नव्हतं. ज्याने नोकरी लावली, हाताला धरून वास शिकवले, त्याला "मी दात घासायच्या धंद्यात चाललोय" हे तोंडावर कसं सांगायचं? त्यापेक्षा परीक्षेत नापास होणं बरं. मामा निराश होतील, पण दुखावणार नाहीत. उत्तीर्ण होण्याचं दडपण लोकांना असतं. मला नापास होण्याचं होतं.

एक वाजता आम्ही आत गेलो. फोन बाहेरच्या पेटीत ठेवले, कारण आतल्या हवेत इतकी दारू असते की ठिणगी चालत नाही. ग्लासांना चिठ्ठ्या लावायची सोय नाही, त्या दमट हवेत सुटून पडतात. म्हणून मामांची जुनी सवय अशी की पितळी बिल्लेच ग्लासांखाली ठेवायचे. कुठल्या बिल्ल्यावर कुठल्या पिंपाचा माल, हे साहेब वहीत लिहून ठेवणार. जुन्या वॉचमनला हे माहीत होतं. फळी रिकामी दिसली तरी तो आधी दारातून हाक मारायचा. पण तो गेल्याच आठवड्यात गावी गेला आणि त्याच्या जागी बँकेतून एक दादा आले होते. बँकेत फळीला महत्त्व असतं.

मामांनी माझ्या डोळ्यांवर आपला रुमाल बांधला.

"सांग. सगळ्यात चांगली कोणती, सगळ्यात वाईट कोणती?"

पहिला ग्लास हातात घेतला आणि मला हसू आवरेना. ते चौसष्ट नंबरचं पिंप होतं. भिजलेला पुठ्ठा, बंद कपाट आणि मागून थोडी उकडलेली कोबी. दुसरा बरा होता, सज्जन होता, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. तिसरा ग्लास नाकाखाली आला आणि माझं हसू थांबलं. तो एकशे सतरा होता. मामांचं लाडकं पिंप. आधी जळत्या साखरेचा वास, मग सफरचंदाची साल, मग कुणाच्या तरी आजोबांच्या चामडी पाकिटाचा. जिभेवर ठेवली की ती घाई करत नाही. पाण्याचे चार थेंब टाकले की पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागते, आणि गिळून झाल्यावरही दोन मिनिटं कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटत राहतं.

"पहिला सगळ्यात चांगला," मी म्हणालो. "तिसरा फेकून द्या."

"अहो, काय बोलता!" साहेब ओरडले. परीक्षकाने बोलू नये हा नियम त्यांनीच केला होता.

तिन्ही फेऱ्या मी अशाच केल्या. रुमाल सोडला तेव्हा मामांचा चेहरा पिंपाच्या बुचासारखा होता. घट्ट आणि काही न सांगणारा.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. खट्. थोड्या वेळाने दुसरा. खट्.

साहेबांनी खिसा चाचपला. सरकारी किल्ली होती. मामांनी खिसा चाचपला. कंपनीची किल्ली होती. दोन्ही किल्ल्या सुरक्षित होत्या आणि दोन्ही कुलपं बाहेरून होती.

दारावर बुक्क्या मारून झाल्या. दार चार बोटं जाड, भिंती हातभर. फटीतून हाका मारल्या, पण दादा कुलूप लावून हॉलमध्ये खुर्च्या मांडायला गेले होते. मामांच्या घड्याळात दीड वाजला होता.

"सोमवारी सकाळी उघडतील," साहेब म्हणाले.

"समारंभाला मी दिसलो नाही तर शोधतील ना," मामा म्हणाले.

"शोधतील. इथे येतील, फळी बघतील, आत कोणी नाही असं समजून परत जातील." साहेबांच्या आवाजात भीती होती, पण थोडा अभिमानही होता. फळीची पद्धत त्यांच्याच खात्याची.

वेळ जाता जात नव्हता. पिंपांतली दारू दर वर्षी लाकडातून दोन टक्के उडून जाते. ते नुकसान सगळ्या जगाने मान्य केलंय. म्हणजे या इमारतीतून विनापरवाना बाहेर पडायची सूट फक्त वाफेला आहे. मी हिशेब केला. त्याच वेगाने मी अर्धा बाहेर पडायला पस्तीस वर्षं लागणार होती. कुठला अर्धा आधी, हे ठरवायला भरपूर वेळ होता.

"साहेब, तुमची आवडती कोणती?" मामांनी विचारलं. आपण कुठे अडकलोय याचा त्यांना विसर पडला असावा. किंवा इथे अडकणं म्हणजे काय हेच त्यांना कळत नसावं.

साहेब लाजले. "धुराची. जिथे मोड आलेले सातू धुरावर वाळवतात ना, ती. लोक म्हणतात औषधासारखी लागते. लागतेच. लहानपणी गुडघा फुटला की आई त्यावर आयोडीन लावायची आणि लगेच फुंकर घालायची. त्या दारूत आधी ते आयोडीन येतं. आणि गिळलं की फुंकर येते."

अबकारी खात्याकडून इतकी अपेक्षा नव्हती.

"आणि तुझी?" मामा माझ्याकडे वळले. "चौसष्ट, नाही का? पुठ्ठ्याची."

"हो," मी म्हणालो. "मला पुठ्ठा आवडतो."

"साहेब, वही काढा. पहिल्या फेरीत याने काय क्रम लावला?"

"बरोब्बर उलटा."

"दुसऱ्या?"

"उलटा."

"तिसऱ्या?"

साहेब थांबले. मग वहीच्या मागच्या पानावर त्यांनी गुणाकार केला. "तिन्ही फेऱ्या पूर्ण उलट्या. सहज व्हायची शक्यता दोनशे सोळात एक."

"ज्याला नाक नाही तो कधीतरी चुकून बरोबर येतो," मामा म्हणाले. "इतकं अचूक चुकायला नाक लागतं, भाचेबुवा. मला चौतीस वर्षांत असं चुकता आलं नाही."

नापास व्हायच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो.

चार वाजता भिंतीच्या वरच्या झरोक्यातून लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. मग मॅनेजरसाहेबांचा आवाज. मामा गर्दीत कुठे दिसत नाहीत, हेच त्यांचं मोठेपण, कौतुक ऐकायला नको म्हणून ते आलेच नाहीत. टाळ्या. मामा पिंपाला टेकून स्वतःचा निरोप समारंभ ऐकत होते. एका ठिकाणी ते म्हणाले, "हे खोटं आहे, तो माल मी नाही, ह्याने निवडला होता." पण माइक त्यांच्याकडे नव्हता.

"मामांनी सकाळीच बंद पाकीट दिलंय," मॅनेजरसाहेब म्हणाले. पाकीट फाटल्याचा आवाजही स्पष्ट आला. "या क्षणापासून आपले नवे मुख्य चाखणी अधिकारी आहेत..." आणि माझं नाव. टाळ्या जरा जास्तच वाजल्या. नंतर चहा होता.

मी मामांकडे बघितलं. "सकाळीच? मग परीक्षा कशाला घेतली?"

"गंमत म्हणून. शेवटचा दिवस होता रे."

तेव्हा मी सगळं सांगितलं. बायको, मुलगी, तिचं रडणं, टूथपेस्ट, पाच वाजता. सांगताना मी चौसष्ट नंबरच्या पिंपाकडे बघत होतो, कारण त्याच्याकडे बघून कुणाला वाईट वाटत नाही.

मामांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "त्या टूथपेस्टला वास कसला?"

"पुदिन्याचा."

"आणि मागून?"

"मागूनही पुदिनाच."

"अरेरे," मामा म्हणाले, अगदी मनापासून. मग घड्याळ बघितलं. "साडेचार झाले. दादा फेरीला येतील. दाराशी चल."

दाराखाली बोटभर फट आहे. आम्ही तिघे पालथे पडलो. बूट आले.

"दादा! दार उघडा, आम्ही आत आहोत!"

बूट थांबले. फळीकडे वळले. परत आले. "फळीवर कोणी नाही."

"फळीवर नाही, आत आहोत!"

"बिल्ल्याशिवाय आत कसे असाल?"

साहेबांनी तिन्ही बिल्ले आणि दोन्ही किल्ल्या फटीतून सरकवल्या. बाहेर दादांनी वही उघडली. पानं फडफडली.

"नंबर दोन, अबकारी अधिकारी. बरोबर. टांगतो. नंबर एक, मुख्य चाखणी अधिकारी. म्हणजे आत्ता जाहीर झाले ते तरुण साहेब. हाही टांगतो. अभिनंदन, साहेब."

"आभारी आहे," मी जमिनीशी म्हणालो.

"नंबर तीन, चाखणी सहायक. हे पद चार दहापासून रिकामं आहे. टांगता येणार नाही."

"आणि मी?" मामांनी विचारलं.

"आपण कोण?"

"चार दहापर्यंत मुख्य चाखणी अधिकारी होतो."

"मग आता पाहुण्यांचा पास लागेल. ऑफिस सोमवारी उघडतं."

कुलपं निघाली. उजेड आत आला. साहेब सही करून, आपला बिल्ला घेऊन हॉलकडे पळाले. त्यांना केव्हाची लघवी लागली होती. दादांनी वही माझ्यापुढे धरली. रकान्यात लिहिलं होतं, मुख्य चाखणी अधिकारी, आणि पुढे सहीची जागा.

"सही केली तरच बाहेर," दादा म्हणाले.

म्हणजे खुर्चीतून सुटायचं तर आधी खुर्चीत बसायचं होतं. दादांच्या मनगटावर पाचला आठ कमी होते. मी मामांकडे बघितलं. ते उंबऱ्याच्या आत उभे होते, हातात एकशे सतराचा ग्लास.

"कर ना सही. मी काही कुठे जात नाही," ते म्हणाले. "दोन दिवसांची सोय आहे."

मी सही केली आणि फोनच्या पेटीकडे धावलो. बायकोचे सहा मिस्ड कॉल होते. टूथपेस्टवाल्या बाईंनी तिसऱ्या रिंगला उचललं.

"बोला. हो की नाही?"

मी वळून बघितलं. मामांनी ग्लास नाकाशी नेला होता आणि डोळे मिटले होते, म्हणजे माझ्याकडे बघायची वेळ येऊ नये.

"हो," मी म्हणालो.

परत आलो तर दादा मामांना अडवून उभे होते. "आपण आत नव्हता, तर बाहेर कसे पडाल?"

"आत नव्हतो, मग इथेच उभा असणार," मामा म्हणाले आणि सरळ चालू पडले. दादांनी वहीत शोधलं. याबद्दल काही नव्हतं. मामांनी चालता चालता ग्लास माझ्या हातात दिला. त्यात एक घोट ठेवला होता.

"पुदिन्याच्या आधी," ते म्हणाले.

त्या गडबडीत मी एक नंबरचा बिल्ला फळीवरून काढायचा विसरलो. तो ज्याचा त्यानेच काढायचा असतो. दुसऱ्याने हात लावला तर चौकशी बसते. मी सोमवारी राजीनामा पोस्टाने पाठवला, आणि मुख्याची जागा अजून भरलेली नाही. गोदामाला तेव्हापासून कुलूप लागलेलं नाही, कारण नियमाप्रमाणे आत माणूस आहे. दादा दारात खुर्ची टाकून त्याची वाट बघतात. मामा दुपारी जाऊन एकशे सतराजवळ बसतात. ते आतही नसतात आणि बाहेरही नसतात, त्यामुळे त्यांना कोणी विचारत नाही.

मी बायकोच्या गावात आहे. मुलगी आता रडत नाही. दिवसभर पुदिना हुंगून संध्याकाळी घरी येतो, तिला उचलून घेतो आणि तिच्या टाळूशी नाक नेतो. आधी दूध, मग साबण, मग मागून हळूच जळत्या साखरेसारखं काहीतरी येतं. तेवढा वेळ मला पक्कं वाटतं की फळी सांगते तेच खरं आहे, मी आतच आहे, आणि अजून कुणीतरी मला बाहेर काढायला यायचं आहे.